काहीच जळत नसताना जळका वास: वास-चवीच्या झटक्यांत नवख्या असलेल्यांसाठी

मला पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी उठून घरातले सगळे प्लग चाचपले. वायर तापून तिचं प्लास्टिक वितळायला लागलं की येतो तसा वास, पण त्यात काहीतरी गोडसर, सडकं मिसळलेलं. प्लग सगळे गार. गॅस बंद. परत येऊन बसले तोवर वास गेलेला. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या वेळी घरात चेष्टा सुरू झाली, आणि मी घरच्यांशी त्याबद्दल बोलणंच बंद केलं. त्या गप्प बसण्यात दीड वर्ष गेलं.

तो वास ही फिट होती. फिट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जमिनीवर पडलेला, हातपाय झाडणारा माणूस येतो. पण मेंदूच्या एखाद्या छोट्या भागापुरताही विजेचा गोंधळ होऊ शकतो. तो भाग वास किंवा चव ओळखणारा असला, तर खोलीत नसलेला वास येतो, तोंडात नसलेली चव लागते. डॉक्टर याला फोकल सीझर म्हणतात. ‘ऑरा’ हा शब्दही कानावर पडेल. मोठ्या झटक्याआधीची चाहूल असा त्याचा अर्थ सांगतात, पण ऑरा स्वतःच एक छोटा झटका असतो. कधी तो तिथेच विझतो, कधी पसरतो.

असं काही ज्यांना नुकतंच सुरू झालंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, तेव्हा यावरून स्वतःचं निदान करू नका. डॉक्टरांपुढे बसल्यावर नीट सांगता यावं, एवढ्यापुरतंच वाचा.

१. आधी खरंच काही जळतंय का ते बघा

हे प्रत्येक वेळी करायचं. खोलीत दुसरं कोणी असेल तर एकच प्रश्न विचारा, “तुला येतोय का वास?” त्यालाही येत असेल तर तो वास घरातला आहे. गॅस, वायरिंग, धूर बघा, खिडक्या उघडा.

निदान झाल्यावरही ही सवय सोडू नका. एकदा मी ‘हा आपलाच’ म्हणून वास सोडून दिला आणि इस्त्री चालू राहिलेली होती. चादरीला पडलेलं तपकिरी भोक मी अजून जपून ठेवलंय.

२. वास कसला ते नंतर, आधी घड्याळ

वास कसला यावर आपण तासन्‌तास डोकं लावतो. रबर की केस, सडका की औषधी. न्यूरोलॉजिस्टनी मला पहिला प्रश्न केला, “किती वेळ टिकतो?” मला सांगताच येईना. “बराच वेळ,” मी म्हणाले. पुढच्या खेपेला मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. अडतीस सेकंद भरले.

झटक्यातला वास बहुधा असा वागतो:

- अचानक येतो, काही सेकंदांपासून दोनेक मिनिटांपर्यंत टिकतो आणि आपोआप जातो.
- दर वेळी जवळजवळ तोच असतो. आज रबर, उद्या गुलाब असं सहसा होत नाही.
- बहुतेकांना तो घाण वाटतो. क्वचित कोणाला छानही वाटतो.
- चव असेल तर कडू किंवा धातूची, जिभेवर नाणं ठेवल्यासारखी.
- नाक दाबलं, खोली बदलली तरी फरक पडत नाही.

पुष्कळांना वास आला की चव लागली हेच सांगता येत नाही. त्यावर अडून बसू नका. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा वाटा एरवीही वासाचाच असतो.

त्याच्या सोबत काय येतं हे मात्र बारकाईने बघा. माझ्या पोटातून एक लाट छातीपर्यंत चढायची, लिफ्ट झटक्यात खाली गेल्यावर होतं तशी. पाठोपाठ विनाकारण भीती. कधी आजूबाजूचं सगळं आधी घडून गेल्यासारखं वाटायचं, इतकं पक्कं की समोरचा पुढे काय बोलणार हे मला ठाऊक आहे अशी खात्री व्हायची. (ठाऊक नसायचं. मी तपासून पाहिलंय.) काहींना उलट होतं, रोजची खोली परकी वाटते.

याचं कारण मेंदूतल्या जागेत आहे. कानशिलाच्या आत मेंदूचा जो भाग येतो तो टेम्पोरल लोब. पाहिलेलं, ऐकलेलं आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यावर जातं आणि मग पुढे. वास ते ठाणं टाळून जवळपास थेट टेम्पोरल लोबच्या आतल्या कडेला पोचतो. तिथे शेजारी भीती सांभाळणारं अमिग्डला आणि आठवणी सांभाळणारं हिप्पोकॅम्पस. एका घरात पेटलं की धूर शेजारी शिरणारच. याच कडेला आकड्यासारखी वळलेली एक घडी असते, तिचं नाव अंकस. लॅटिनमध्ये अंकस म्हणजे आकडा. इंग्लंडचे मेंदूविकारतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८९९ मध्ये वास-चवीच्या झटक्यांना या घडीवरूनच नाव दिलं. आकड्यातून आकडी! निदानानंतरच्या त्या वाईट आठवड्यात एवढ्याच गोष्टीचं मला हसू आलं होतं.

चवीचा कारभार थोडा बाजूला, इन्सुला नावाच्या आत दडलेल्या भागात आणि त्याला झाकणाऱ्या पाळीत चालतो. म्हणून कोणाला नुसतीच चव लागते, कोणाला दोन्ही.

३. दुसरी कारणं डोळ्यांआड करू नका

नसलेला वास येणाऱ्या प्रत्येकाला फिटच असते असं नाही. नाकाची कारणं कितीतरी जास्त आढळतात. सायनसची सूज, नाकातले कोंब, साधं सर्दी-पडसं. कोविड-१९ नंतर अनेकांचा वास महिनोन्‌महिने बिघडला. पण तिथे खरा असलेला वास वेडावाकडा येतो किंवा घाण वास तासन्‌तास, दिवसच्या दिवस रेंगाळतो. वास एकाच नाकपुडीतून येत असेल आणि ती दाबल्यावर थांबत असेल, तर संशय नाकावर जास्त. दात किडले, हिरड्या सुजल्या तरी तोंडात घाण चव राहते. डोक्याला मार लागून नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू तुटले तर वास कमी होतो किंवा बिघडतो. काही औषधांनी, उदाहरणार्थ मेट्रोनिडाझोलने, तोंड धातूसारखं होतं, पण ती चव औषध चालू असेपर्यंत राहते. मायग्रेनमध्येही नसलेले वास येतात. ते सहसा मिनिटांच्या हिशेबात टिकतात आणि मागोमाग डोकं धरतं.

मी आधी नाकाच्या डॉक्टरांकडे गेले होते, त्यात चूक काही नव्हतं. चूक ही झाली की “वास येतो” एवढंच सांगितलं. “अर्ध्या मिनिटात जातो आणि तेव्हा पोटातून लाट येते” हे पुढचं वाक्य मी गिळलं, कारण नाकाच्या डॉक्टरांना पोटाचं काय सांगायचं? सायनसचा कोर्स झाला, दुसरा झाला. मग एकाने ‘टेन्शन’ हे उत्तर दिलं.

‘टेन्शन’वर गोष्ट थांबली तर एकदा तरी न्यूरोलॉजिस्टचं मत घ्या. अमेरिकी संगीतकार जॉर्ज गर्शविन यांना १९३७ मध्ये जळक्या रबराचा वास यायचा, भोवळ यायची. तपासण्यांनंतरही त्रास मानसिक ठरवला गेला. जुलैमध्ये ते बेशुद्ध झाले तेव्हा टेम्पोरल लोबमधली गाठ सापडली, आणि अडतिसाव्या वर्षी ते गेले. तेव्हा एमआरआय नव्हता, आता आहे. बहुतेकांच्या वासामागे गाठ नसते. पण ती नाही हे बघून ठरवायचं असतं.

४. वही घाला

यासाठी अ‍ॅप आहेत, माझं कधी जमलं नाही. एक छोटी वही उशाशी, तीच पिशवीत. माझी एक नोंद अशी:

“मंगळवार, सकाळी ६.४०. जेमतेम चार तास झोप. वायरचा वास, मग लाट. ३५-४० सेकंद. बोलता येत होतं का? माहीत नाही, एकटी होते. नंतर ‘चमचा’ हा शब्द आठवेना, पाचेक मिनिटं. गोळी काल रात्री चुकली.”

वेळ, टिकलेले सेकंद, सोबत काय झालं, नंतर काय झालं, आदल्या दिवशीची झोप, ताप, दारू, चुकलेली गोळी, पाळीचा दिवस. एवढं पुरे. लिहायचं लगेच. संध्याकाळी आठवून लिहिलं की आपण गोष्ट रचतो.

तीन महिन्यांनी माझी वही उलटीपालटी केल्यावर दिसलं की निम्म्याहून जास्त नोंदी कमी झोपेच्या रात्रींनंतरच्या होत्या. हे मला कोणतंही मशीन सांगू शकलं नसतं.

५. तुम्हाला न दिसलेला भाग दुसऱ्याने पाहिलेला असतो

सगळ्यांत मोठा सापळा इथे आहे. मला वाटायचं, वास येतो आणि जातो, मी पूर्ण भानावर असते. एकदा धाकटा भाऊ समोर बसला होता. तो म्हणाला, “ताई, तू आत्ता काय चघळत होतीस?” तोंडात काहीच नव्हतं. “मी दोनदा हाक मारली, तू ओठ मिटक्या मारल्यासारखे करत होतीस, आणि कुर्त्याचं बटण चाचपत होतीस.” मला हाक ऐकू आली नव्हती. बटणाचं तर काहीच आठवत नव्हतं.

म्हणजे झटका वासापाशी थांबत नव्हता. तो पसरून माझं भान काही सेकंद नेत होता आणि त्या सेकंदांची मला खबरच नव्हती. भान राहतं की जातं यावर औषध, गाडी चालवणं, पोहणं हे सगळं ठरतं. त्यामुळे घरच्यांना हे शिकवून ठेवा:

- मोबाइलवर व्हिडिओ घ्या. चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. दिवा लावा.
- नावाने हाक मारा, “हात वर कर” म्हणा. करते का बघा.
- एक शब्द सांगा, समजा “पिवळी छत्री”. झटका ओसरल्यावर तो शब्द विचारा.
- डोकं किंवा डोळे कुठल्या बाजूला वळले, कुठला हात आखडला, नंतर बोलायला किती वेळ लागला, हे टिपून ठेवा.

व्हिडिओ काढण्यात मला आधी अपमान वाटला. पण डॉक्टरांनी तो एक मिनिट पाहिला आणि आधीच्या दीड वर्षाच्या फायली बाजूला ठेवल्या.

६. डॉक्टरांकडे जाताना सोबत काय न्यायचं

- वही आणि व्हिडिओ
- ज्याने झटका पाहिलाय तो माणूस (तो येऊ शकत नसेल तर फोनवर तयार ठेवा)
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, झोपेच्या आणि काढे-चूर्णांसकट
- जुने रिपोर्ट, स्कॅन असेल तर त्याची मूळ फिल्म किंवा सीडी. नुसता कागद पुरत नाही.
- डोक्याला लागलेला मार, मेंदूज्वर, घराण्यातल्या फिट्स यांची माहिती

शेवटच्या मुद्द्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच विचारा. मला लहानपणी तापात बराच वेळ फिट आली होती, हे आईला डॉक्टरांनी विचारल्यावर आठवलं. अशा लांबलेल्या तापाच्या फिटचा आणि पुढच्या टेम्पोरल लोबच्या झटक्यांचा संबंध असू शकतो.

बोलताना “चक्कर”, “कसंतरी होतं”, “घेरी” हे शब्द टाळा. “आधी वास, मग लाट, मग मला आठवत नाही” अशा क्रमाने सांगा. त्या क्रमातूनच झटका कुठून उठतो याचा माग लागतो.

७. तपासण्या

ईईजीला, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख काढायला, जाताना केस धुऊन, कोरडे, बिनतेलाचे ठेवा. तारा चिकटवतात, शॉक देत नाहीत. साधी ईईजी अर्ध्या तासाच्या आसपास चालते, आणि तेवढ्यात काही सापडेलच असं नाही. वासाचे झटके खोलवरून उठतात, तारा कवटीवर असतात. ईईजी नॉर्मल आली म्हणजे फिट नाही असं ठरत नाही. माझी पहिली नॉर्मल होती. मी आनंदाने घरी आले आणि चार महिने वाया घालवले. दुसरी आदल्या रात्री जागून, झोपेत काढली, तिच्यात उजव्या बाजूला खूण मिळाली. त्यानेही भागलं नाही तर काही दिवस दवाखान्यात ठेवून व्हिडिओ-ईईजी करतात. गोळी मुद्दाम चुकवून ईईजीला जाऊ नका. कमी करायची तर ते डॉक्टर ठरवतात, तेही देखरेखीखाली.

एमआरआय सांगतील तेव्हा तो एपिलेप्सी प्रोटोकॉलने (फिट येणाऱ्यांसाठीच्या खास पद्धतीने) होणार का, हे विचारा. त्यात हिप्पोकॅम्पसचे पातळ काप घेतात. साध्या एमआरआयत बारीक दोष निसटू शकतो. पेसमेकर, क्लिपा, अंगात राहिलेला धातूचा तुकडा यांची माहिती आधी द्या. रिपोर्टमध्ये आकसलेलं हिप्पोकॅम्पस, रक्तवाहिन्यांचा गुंता, जुन्या माराचा व्रण, फीतकृमीच्या अळीची गाठ, संथ वाढणारी गाठ यांपैकी काही निघू शकतं. पुष्कळांच्यात काहीच निघत नाही, तरीही उपचार होतात.

८. गोळ्या, आणि गोळ्यांनी बदललेली चव

कार्बामॅझेपीन, ऑक्सकार्बाझेपीन, लॅमोट्रिजीन, लेव्हेटिरासेटॅम ही नावं ऐकाल. कोणती कोणाला हे डॉक्टरांचं काम. तुमच्या कामाचं एवढं: लॅमोट्रिजीन हळूहळूच वाढवतात, घाई करायची नाही. कुठल्याही नव्या गोळीनंतर अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी फोन करा. लेव्हेटिरासेटॅमने चिडचिड वाढू शकते. मला ती इतकी वाढली की घरच्यांनीच डॉक्टरांना सांगितलं. मूल हवं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर पहिल्याच भेटीत सांगा, काही गोळ्या गर्भाला घातक आहेत, विशेषतः व्हॅल्प्रोएट.

आता गंमत. झटक्याची चव जावी म्हणून घेतलेल्या गोळ्यांनीही चव बदलू शकते. टोपिरामेट या फिटच्याच गोळीवर असलेल्या काहींना सोडा पाण्यासारखा सपक लागतो. सोड्याचा चरचराट जिभेला कळतो तो कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज नावाच्या विकरामुळे, आणि हे औषध नेमकं त्यालाच अडवतं. म्हणून वहीत दोन रकाने करा. ‘येऊन जाणारी चव’ आणि ‘सतत बदललेली चव’. पहिला रकाना झटक्यांचा, दुसरा बहुधा गोळीचा. मोठ्या झटक्यानंतर तोंड धातूसारखं लागलं तर आरशात जीभ बघा, चावली गेली असेल तर ती चव रक्ताची असते.

वास बंद झाले म्हणून गोळी बंद करू नका. अचानक थांबवलेल्या गोळीने मोठा, न थांबणारा झटका येऊ शकतो.

९. वास सुरू झाल्यावर

या झटक्यांचा एकच फायदा, ते वर्दी देतात. वर्दी मिळाली की मी जिथे असेन तिथे जमिनीवर बसते, हातातलं गरम किंवा धारदार खाली ठेवते, जवळ कोणी असेल तर “येतोय” एवढंच म्हणते. शेगडीवर काम करताना मागचा चूल-बर्नर वापरते. दार आतून कडी न लावता अंघोळ. एकटीने पोहणं नाही, शिडी नाही. गाडीचे नियम देशागणिक वेगळे आहेत. डॉक्टर लेखी हो म्हणेपर्यंत चावी दुसऱ्याकडे द्या.

भान गेलं किंवा अंग झडायला लागलं तर घरच्यांनी घड्याळ बघायचं, आजूबाजूचं टोकदार सामान सरकवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, झडणं थांबल्यावर कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही नाही.

नाकाशी उग्र वास धरण्याचा उपाय कोणीतरी सुचवेलच. पसरलेला झटका त्याने थांबत नाही. मात्र या समजुतीच्या जवळपासची एक खरी हकीकत आहे. रॉबर्ट एफ्रॉन या डॉक्टरांनी १९५६ मध्ये एका गायिकेबद्दल लिहिलं. तिचा झटका अगदी सुरुवातीलाच दुसरा वास हुंगल्यावर अडायचा. पुढे त्यांनी जॅस्मिनच्या वासाची आणि हातातल्या कड्याची सांगड तिच्या मनात पक्की केली, आणि नुसत्या कड्याकडे बघूनही तिचा झटका थांबू लागला. वाचल्यावर मीही करून पाहिलं. माझ्या बाबतीत नुसती दोन वासांची खिचडी झाली.

ताबडतोब दवाखाना कधी: झटका ५ मिनिटांपलीकडे गेला, मधे शुद्ध न येता दुसरा आला, पाण्यात आला, गरोदरपणात आला, श्वासाला त्रास होतोय, किंवा आयुष्यातला पहिलाच मोठा झटका असेल. आणखी एक, जे कमी जणांना माहीत असतं: नसलेले वास नव्याने सुरू झाले आणि सोबत ताप, असंबद्ध बोलणं, वागण्यात बदल असेल तर त्याच दिवशी जा. हर्पिसच्या विषाणूचा मेंदूज्वर टेम्पोरल लोबवरच जास्त हल्ला करतो, तिथे तास मोजावे लागतात.

१०. दोन औषधांनी भागलं नाही तर

योग्य निवडलेली, पुरेशा मात्रेत घेतलेली दोन औषधं थकली की डॉक्टरी व्याख्येनुसार तो औषधांना न जुमानणारा अपस्मार (एपिलेप्सी, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार). पुढे तिसरी, चौथी गोळी बदलत वर्षं घालवण्याआधी एपिलेप्सी सर्जरी होणाऱ्या केंद्रात दाखवण्याबद्दल तुम्हीच विचारा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टेम्पोरल लोबचे ८० रुग्ण होते, निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना औषधं असे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटलेले. वर्षभरानंतर भान घालवणाऱ्या झटक्यांतून शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के सुटले होते, औषधांच्या गटातले ८ टक्के.

माझ्यावर ती वेळ आली नाही, दुसऱ्या गोळीवर बटण चाचपणं थांबलं. वास मात्र एकदम गेला नाही. आधी भीती गेली, मग लाट. मग वास इतका पुसट झाला की प्लगकडे जायला उठावं की नाही, असा प्रश्न पडायचा. उठते अजून. इस्त्रीही बघते.